दाईच्या धुऱ्यावरून

लग्नानंतर बत्तीस वर्षं मी भिलाईच्या स्टील प्लांटच्या ज्या क्वार्टरमध्ये राहिले, त्याच्या समोरचा रस्ता कोणाचा, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. रस्ता होता. दोन्ही बाजूंना कडुलिंब होते, सकाळी झाडूवाली येत होती, खड्डा पडला तर कोणीतरी डांबर टाकून जात होतं. नळ गळला की आम्ही ऑफिसात कम्प्लेन लिहून यायचो आणि नळवाला येईपर्यंत प्लांटला शिव्या घालायचो. माझे वडील भंडाऱ्याकडून प्लांटात आले. नवराही तिकडच्याच शेतकऱ्याचा पोरगा, तोही प्लांटातच लागलेला. म्हणजे मी माहेरून सासरी गेले ती एका सेक्टरमधून दुसऱ्या सेक्टरमध्ये, सायकलवर वीस मिनिटं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते आम्हीच, पण तोरा असा की बीळ आम्हीच खणलं.

क्वार्टर नोकरी असेपर्यंतच. नवऱ्याच्या रिटायरमेंटला चार-पाच वर्षं उरली की आमच्याकडच्या बायकांच्या गप्पांतून लोणची आणि लग्नं मागे पडतात आणि कोणी कुठे प्लॉट घेतला ते सुरू होतं. आमचंही सुरू झालं. मला शहरातला फ्लॅट चालला असता. नवरा अडून बसला. म्हणाला, "मले शेजारी शेत पायजे. सकाळी उठून भिंतच पाहाची असन तं क्वार्टर का वाईट होतं?"

शेवटी जामुलच्या पुढच्या एका खेड्यात शेताचा मागचा कोपरा मिळाला. विकणारा म्हातारा रविवारच्या बाजारात भाजी घेऊन बसायचा, तिथली ओळख. मुलीच्या लग्नासाठी तो कोपरा काढत होता. त्याच्या बायकोला सगळं गाव दाई म्हणायचं. दाई म्हणजे छत्तीसगढीत आई. आम्हीही दाईच म्हणू लागलो.

जागा कशी होती ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गावाचा रस्ता, मग दाईचं शेत, आणि शेत संपतं तिथे आमचा प्लॉट. आमच्या मागे इतरांची धानाची शेतं, थोडी उंचावर, आणि त्यांच्याही मागे तलाव. रस्त्यावरून आमच्या प्लॉटपर्यंत यायला दाईच्या शेताचा धुरा होता. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. हा चांगला रुंद होता, बैलगाडी जाईल एवढा, वर गवत आणि मधे चाकांच्या दोन रेघा.

रजिस्ट्री दुर्गला झाली. कागद लिहिणाऱ्या माणसाने चारही बाजू लिहिल्या आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "रास्ता किधर से है?"

"मेड हे ना," म्हातारा म्हणाला. मेड म्हणजे तोच धुरा.

"मेड आपकी है, इनकी नहीं. थोड़ी पट्टी इनके नाम लिखवा दो. बाद में झंझट होगा."

मला हसू आलं. मी म्हटलं, रस्ता कोणी विकत घेतं का? म्हाताऱ्याने तर कानाला हात लावले. "रद्दा ला का बेचना," असं दोनदा म्हणाला. रस्ता विकायचा हे त्याला पाप वाटलं आणि रस्ता विकत घ्यायचा हा मला विनोद वाटला. त्याच्या गावात कोणी कोणाची वाट अडवत नव्हतं आणि आमच्या सेक्टरात वाट प्लांट देत होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो, त्या माणसाने खांदे उडवले आणि पुढच्या ओळीवर गेला. नवरा बाहेर चहा पीत होता. म्हणजे त्या दिवशी शहाणपण करायची पाळी माझी होती, आणि मी ती अशी निभावली.

घर बांधायच्या आधी जमीन उंच करावी लागली. धानाचं शेत ते, पाणी धरून ठेवणारं. प्लांटची माणसं अशा वेळी स्लॅग टाकतात. लोखंड वितळवल्यावर भट्टीत जो मळ उरतो तो स्लॅग, खडीसारखा घट्ट बसतो. नवरा भट्टीवरचाच. आपल्या भट्टीचा मळ आपल्या घराखाली जातोय याचं त्याला भारी कौतुक, प्रत्येक ट्रकसमोर उभा राहून ड्रायव्हरला सूचना देत होता. गावात स्लॅगचा पहिला ट्रक आला तो आमचा. आज मी कॉलन्यांच्या नावाने बोटं मोडते तेव्हा हे आठवलं की बोटं खाली घ्यावी लागतात.

त्या दिवशी म्हातारा धुऱ्यावरून आला. आमच्या हद्दीच्या कोपऱ्यात बांधाला एक खाच होती, ती त्याने काठीने दाखवली. "इहां मुही हे, नोनी. एक ठन पाइप डार देबे." वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतात सोडायला बांधात जी जागा ठेवतात ती मुही. तिथे एक पाईप टाकून दे, एवढंच त्याचं म्हणणं. मी हो हो म्हटलं. नोनी म्हणजे मुलगी. पन्नाशी उलटलेल्या बाईला कोणी मुलगी म्हटलं तर ती कशालाही हो म्हणेल. पाईप टाकायचा राहून गेला. त्याच वर्षी म्हातारा वारला.

पहिली काही वर्षं सुखाची गेली, हे कबूल करते. नवऱ्याला त्याची सकाळ मिळाली. दाई रोज धुऱ्यावरून यायची, पदरात कधी चेचभाजी, कधी लाखोळीची कोवळी पानं. लाखोळीला ती तिवरा म्हणते. माझी आई करायची तशी मी ती भाजी करायचे, आणि दाई ओट्यावर बसून माझ्या फोडणीला नावं ठेवायची. मी तिच्याशी मोडकी छत्तीसगढी बोलायचे, तिला ती ऐकून हसू आवरायचं नाही. तिचा मुलगा भिलाईतच खुर्सीपारला राहून एका ठेकेदाराकडे वेल्डर होता, सुटीला आला की मला काकी म्हणून पाया पडायचा.

मग कॉलन्या आल्या. आधी डाव्या अंगाला एक भिंत उठली, वर काचा लावलेली. वर्षभराने उजव्या अंगाला दुसरी. नावात ग्रीनही होतं आणि सिटीही होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, कारण हिरवं जे होतं ते तर त्यांनी बुजवलं होतं. मागची उंचावरची शेतं गेली, तलावाचा अर्धा भाग भरला गेला, आणि एका उन्हाळ्यात मागची भिंतही पूर्ण झाली. तीन बाजू बंद. चौथ्या बाजूला दाईचं शेत, आणि त्या शेताचा धुरा. घरातून जगात जायला आम्हाला तेवढी एकच वाट उरली. तोपर्यंत मी तिला वाट समजतच नव्हते, अंगण समजत होते.

त्याच सुमारास नवऱ्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, बोलणं हळूहळू परत आलं, पण पाय चाकाच्या खुर्चीत राहिले आणि उजवा हात मुठीत मिटू लागला. डॉक्टरांनी सांगितलं की आठवड्यातून दोनदा व्यायामाला आणा, खाडा झाला तर हात असाच मिटून बसेल. मी एक ऑटो ठरवला. ऑटोवाला धुऱ्यावरून पार दारापर्यंत यायचा, मागे लोखंडी फळी लावून खुर्ची वर चढवायचा. दीड वर्षात बोटं उघडू लागली. एकदा त्याने स्वतःच्या हाताने चहाचा कप धरला, अर्धा सांडला, आणि मी त्या सांडलेल्या चहासाठी देवाला साखर ठेवली.

दाईच्या शेतावर मात्र डोळा होता. डावीकडची आणि उजवीकडची कॉलनी एकाच मालकाची, आणि मधे हे शेत. एक माणूस पांढरी गाडी घेऊन यायचा, रस्त्यावर गाडी उभी करून शेताकडे बघत राहायचा. मग तो रस्त्यापलीकडे दाईच्या घराच्या ओट्यावर बसू लागला. मग तो दाईच्या मुलाला घेऊन येऊ लागला. मी खिडकीतून बघायचे आणि गाडी किती वेळ थांबली ते मोजायचे.

एका सकाळी दाई आली आणि आमच्या ओट्यावर बसली. फोडणीला नावं ठेवली नाहीत. म्हणाली, "तैं पढ़े-लिखे हस, नोनी. बता, बेचंव के झन बेचंव?" विकू की नको. मुलगा विक म्हणतो. शेत आता पिकत नाही, तिलाही होत नाही. पण विकल्यावर मी सकाळी उठून जाऊ कुठे?

मी काय काय बोलले ते आठवलं की आजही लाज वाटते. जमीन म्हणजे आई, म्हणाले. पैसा चार दिवसांचा, म्हणाले. मुलाच्या घरी म्हातारीला कोण विचारतं, हेसुद्धा म्हणाले. शेत पिकत नाही तर पाऊसच आता पहिल्यासारखा राहिला नाही, पुढच्या साली पिकेल. दाई मान हलवत ऐकत होती. शेवटी म्हणाली, ठीक आहे, तू म्हणतेस तर नाही विकत. माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

नवरा आतून सगळं ऐकत होता. "हे तू तिच्यासाठी बोलली का आपल्यासाठी?"

"तं का सांगू? वीक म्हनू? मंग तुमाले दवाखान्यात कुठून नेऊ, आभाळातून?"

मला त्याचा राग आला, कारण उत्तर मी दिलं होतं आणि प्रश्न तसाच उरला होता.

त्या साली दाईने पुन्हा धान पेरलं. आमच्या भंडाऱ्याकडे रोवणा करतात, म्हणजे रोप उपटून पुन्हा लावतात. इथे बरेच जण बी फेकून पेरतात, आणि धान वीतभर झालं की उभ्या पिकात हलका नांगर फिरवतात. त्याला बियासी म्हणतात. नांगराने तण मोडतं, धानाला जोर येतो. पण त्यासाठी शेतात घोटाभर पाणी उभं पाहिजे. पाणी नसेल तर नांगर धानही मोडतो आणि तण जागेवर राहतं.

श्रावणात सगळीकडे पाणी होतं. कॉलनीच्या रस्त्यांवर होतं, आमच्या फाटकात होतं. दाईच्या शेतात घोटा बुडेल एवढं नव्हतं. पडलेलं पाणी दोन दिवसांत जिरून जायचं. बैलवाला दोनदा येऊन परत गेला. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा दाईचा मुलगाही ठेकेदाराकडून सुटी काढून आला होता. तो बैलवाल्याशी बोलला, शेताच्या कडेने एक फेरी मारली आणि सरळ आमच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. दाई मागून धापा टाकत आली.

"काकी, पानी ऊपर से आता है," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "और ऊपर आपका घर है."

मी म्हटलं, म्हणजे?

"हमारे बाबू ने आपको पाइप के लिए बोला था ना? उस साल से खेत में बियासी का पानी नहीं रुका. हर साल आधा धान घास खाती है. फिर आप ही बोलती हैं, मत बेचो."

"चुप रह," दाई त्याला म्हणाली.

मी आजवर सगळ्यांना सांगत आले की पाईप टाकायचं विसरले. विसरले नव्हते. ट्रकवाल्याने विचारलंही होतं, इथे काही ठेवायचं का? मला माझ्या नव्या अंगणातून कोणाच्या शेताचं गढूळ पाणी जायला नको होतं. बेडूक येतील, वास येईल, असं मनात आलं. मी म्हटलं, काही नाही, भर टाक. वरची शेतं होती तेव्हाच, भिंती यायच्या कितीतरी आधी, दाईचं पाणी मी अडवलं होतं. आणि त्या सगळ्या वर्षांत आम्ही तिच्या धुऱ्यावरून जात होतो. तिच्या वाळत चाललेल्या शेताच्या कडेने ऑटोत बसून, खिडकीतून हात हलवत.

मी दाईला विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? मला वाटलं ती रागावेल, निदान उपकार तरी दाखवेल. तिने पदराने तोंड पुसलं. "रद्दा अउ पानी मांगे के जिनिस नोहे, नोनी." रस्ता आणि पाणी या मागायच्या वस्तू नाहीत. एवढं बोलून ती मुलाला हाताला धरून घेऊन गेली.

त्या दिवशी दुपारी मी गवंड्याला फोन केला. अंगण फोडून पाईप टाकायचा, आजच्या आज. नवरा खुर्चीतून माझ्याकडे बघत होता. "आता पाईप टाकून का करशीन? वरतं शेतच नाई राह्यलं. पानी येईन कुठून?" खरं होतं. वर भिंत होती आणि भिंतीपलीकडे फरशा बसवलेला बगीचा. चूक सुधारायची जागासुद्धा विकली गेली होती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, माझ्याकडे तर विहीरही कोरडी होती.

चार दिवस मी दाईकडे गेले नाही. दाई विकेल ही भीती होतीच. पण आता त्यापेक्षा वाईट भीती बसली की ती माझ्या शब्दाखातर विकणारच नाही, आणि त्या गवतात म्हातारपण काढेल. पाचव्या दिवशी गेले. ती ओट्यावर गुडाखू घासत बसली होती. गुडाखू म्हणजे तंबाखूची काळी मिश्री, ती लावल्याशिवाय दाईचं तोंड उघडत नाही. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मी तुला विकू नको म्हटलं ते तुझ्यासाठी नव्हतं, आमच्या वाटेसाठी होतं. तू वीक.

ती बराच वेळ घासत राहिली, मग बाजूला थुंकली. "अउ तैं? तैं भीतरे म फंस जाबे." तू आतच अडकशील.

"ते लोक रस्ता सोडतील," मी म्हटलं.

सोडतील की नाही, मला ठाऊक नव्हतं. दाईने मात्र ते गाठीला बांधलं. सौदा ठरला त्या दिवशी तिने पांढऱ्या गाडीवाल्याला सगळ्यांसमोर विचारलं, मागच्या घराला रस्ता देणार ना? तो हात जोडून म्हणाला, "माताजी, आप चिंता ही मत करो." दाईला तेवढं पुरलं. रस्त्याच्या बाबतीत माणूस खोटं बोलू शकतो, हे तिच्या अनुभवात नव्हतं. माझ्या आता होतं. पण कागदावर लिहा म्हणावं तर सौदा मोडेल, आणि दाईचा मुलगा माझ्याकडे बघत होता. या वेळी मी गप्प राहिले ती सगळं समजून.

दाई मुलाकडे खुर्सीपारला गेली. महिन्याभराने तिच्या शेतात ट्रक आले आणि त्यानंतर तयार सिमेंटच्या पट्ट्या. खांब रोवायचे आणि मधे पट्ट्या सरकवायच्या, दिवसाला शंभर पावलं भिंत होते. आमच्या हद्दीशी, धुऱ्याच्या तोंडावर खांब रोवायला सुरुवात झाली तेव्हा मी धावत गेले. सुपरवायझरने मोबाईलवर नकाशा उघडून दाखवला. "इसमें रास्ता नहीं है, आंटी." मी म्हटलं, शब्द दिला होता. "किसने?" तो म्हणाला. पांढऱ्या गाडीवाला पुन्हा फोनवर आला नाही. शेवटची पट्टी बसवताना मजूर थांबला. हाताने फट दाखवत त्याने मला साध्या मनाने विचारलं, "अम्मा, आप अंदर वाले हो कि बाहर वाले?"

मी घराकडे गेले, कारण नवरा तिकडे होता.

तहसीलात गेले. तिथल्या बाबूने सभ्यपणे विचारलं, रस्त्याचा कागद आणा. कागद कुठला आणू? तो मीच हसून लिहू दिला नव्हता. अर्ज दिलाय, पडलाय. आमचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, विकून इकडे या. रस्ता नसलेलं घर कोण घेतं, हे त्याला समजावून सांगायचं त्राण माझ्यात राहत नाही. मागच्या भिंतीपलीकडून कॉलनीचा सांडपाण्याचा नाला जातो, तिथे भिंतीची एक पट्टी फुटलेली आहे. मी वाकून त्यातून निघते, पलीकडे दोन विटांवर पाय देऊन नाल्याच्या काठाने गावाच्या रस्त्याला लागते. दूध, भाजी, औषधं त्याच वाटेने येतात. व्यायामवाल्या पोराला एकदा घरी बोलावलं, त्याची पँट त्या पट्टीत फाटली, तो पुन्हा आला नाही.

नवऱ्याला एकदा बाहेर नेलं. चार मजूर लावले, चादरीत घालून त्या फटीतून काढलं. त्याचा खांदा खरचटला. पलीकडे नाल्याच्या काठावर त्याला उताणं ठेवून मजूर दम घेत होते, कॉलनीच्या गच्चीवरून लोक बघत होते. दवाखान्यातून परत आल्यावर तो म्हणाला, "असं मेल्यावर नेजो. आता नको." त्यानंतर मी त्याला नेलेलं नाही. घरी मीच त्याची बोटं चोळते, उघडते. सोडली की मिटतात. कपाचा विषय आम्ही काढत नाही. सकाळी त्याची खुर्ची दारात ठेवते आणि तो भिंत बघत बसतो.

परवा दाई आली.

भिंतीपलीकडून "नोनी!" अशी हाक आली तेव्हा मला आधी भासच वाटला. पट्ट्यांच्या मधे बोटभर फटी आहेत. मी डोळा लावला तर तिचा एक डोळा, नाकातली फुली आणि काठी धरलेला हात दिसला. मुलाने तिला गावाच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून सोडलं होतं, तो तासाभराने न्यायला येणार होता. कॉलनीच्या गेटवरच्या पोराला तिने सांगितलं की हे माझं शेत, म्हणून त्याने हसून आत सोडलं. ती रस्ते ओलांडत सरळ तिच्या धुऱ्याच्या जागी येऊन उभी राहिली होती. कशी ओळखली, देव जाणे, तिथे आता सगळं सारखंच आहे.

"तोर बर रद्दा छोड़िन के नइ?" तिने विचारलं. तुझ्यासाठी रस्ता सोडला की नाही?

फटीतून तिचा हात वर जाऊन पट्टी चाचपताना दिसला. आधी वर, मग डावीकडे, मग उजवीकडे, दार सापडेल म्हणून. "नइ छोड़िन का?" तिचा आवाज चिरकला. "मोर सेती?" माझ्यामुळे? ती रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, म्हातारा गेला तेव्हासुद्धा नाही.

ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "छोड़े हें, दाई. पाछू कोती ले हे." सोडलाय, मागच्या बाजूने आहे. चांगला रुंद आहे, ऑटो दारापर्यंत येतो. ती म्हणाली, तुझा नवरा दवाखान्यात जातो ना? जातो, म्हटलं. हात उघडला? उघडला. मी एकामागून एक सांगत गेले आणि तिचा श्वास हळूहळू ठिकाणावर आला. तिने नाक शिंकरलं. मला बरं वाटलं, फार दिवसांनी. वाटलं, आता ती निघेल आणि तिच्या मनावर काही राहणार नाही.

"त महूं ओही रद्दा ले आवत हंव," दाई म्हणाली. मग मीही त्याच रस्त्याने येते.

मी नको नको म्हणेपर्यंत ती फटीसमोरून सरकली होती. काठीचा आवाज भिंतीच्या कडेकडेने लांब जाऊ लागला. डोक्यावर ऊन होतं. मी आतून तिच्याबरोबर चालत राहिले, कोपऱ्यापर्यंत. तिथे माझी जागा संपली.

दारातून नवऱ्याने विचारलं, "गेली का दाई?"

"नाई," मी म्हटलं. "येऊन राह्यली."